अकरा सेकंदांचा श्वास

मुलगी : ...काल सिनेमा अर्धा टाकून उठलात आणि वर निर्मात्याच्या पायावर पाय देऊन गेलात, बाबा. माणूस निदान कानात तरी सांगतो, की बरं वाटत नाहीये, निघतो.

बाबा : अंधार होता. दिसला नाही त्याचा पाय.

मुलगी : अख्खी रांग उठवलीत. तुमच्या त्या जुन्या भयपटातले तुम्ही एकटेच उरलात म्हणून कौतुकानं मधली खुर्ची दिली होती तुम्हाला. तुम्ही गेल्यावर दिग्दर्शक म्हणतो, जुन्या लोकांना रक्त झेपत नाही. सगळे हसले. मीसुद्धा हसले, काय करणार? तोंड लपवायला जागा नव्हती.

बाबा : रक्ताचं मला काही नाही. रंगच तो. जरा पातळ कालवलाय एवढंच.

मुलगी : मग झालं काय?

बाबा : हाडं मोडल्याचा आवाज कशाचा घेतलास गं?

मुलगी : काकड्यांचा. ओल्या टॉवेलात गुंडाळून मोडल्या. का?

बाबा : चांगला जमलाय.

मुलगी : बाबा, विषय बदलू नका. आज संध्याकाळी आवाजाचं शेवटचं काम संपतंय. त्यानंतर एक आवाज हलवता येणार नाही. काही चुकलं असेल तर आत्ता सांगा. तुमच्याकडूनच शिकले मी हे काम.

बाबा : त्या बाईची छाती फाडतात, तिथला श्वास.

मुलगी : तो तर तुमचाच! म्हणजे तुमच्या सिनेमातला. बंद दारामागचा. माळ्यावरच्या पेटीतून रीळ काढलं, तुम्हाला न विचारता. म्हटलं, एकदम ऐकाल तेव्हा चकित व्हाल.

बाबा : झालो की.

मुलगी : चाळीस माणसं होती त्या खोलीत, सगळ्यांच्या अंगावर काटा आला. असा श्वास आज कुठल्या यंत्रातून निघत नाही. म्हणून तर अकरा सेकंदांची चार मिनिटं केली मी. पुन्हा पुन्हा जोडून. मध्ये थोडा ताणला, खालचा घरघर आवाज वर आणला...

बाबा : ऐकलं मी. सगळं ऐकलं. चार मिनिटं नाही बसलो, पण दोन तरी बसलो.

मुलगी : कुठल्या नटीचा होता तो? मी नावांच्या पाटीत घालायचं म्हणत होते. जिवंत असेल तर बोलावू तिला.

बाबा : नटी नव्हती.

मुलगी : मग?

बाबा : आठ नट्या बोलावून झाल्या होत्या. एकीनं उशीत तोंड खुपसून श्वास घेतला, एकीनं बाटलीत. सगळ्या श्वास घेत नव्हत्या, श्वासाचं काम करत होत्या. आमचा दिग्दर्शक रोज माझ्या नावानं शंख करायचा. दार दिसतं, दारामागे काहीच नाही, म्हणायचा. उद्यापर्यंत आण, नाहीतर दुसरा माणूस बघतो. मी घरी आलो. तू झोपली होतीस. तीन वर्षांची होतीस. आणि आतल्या खोलीत...

मुलगी : बाबा.

बाबा : तिची फुप्फुसं तेव्हा निम्मी गेलेली. आडवं पडलं की असाच आवाज यायचा. मी रोज ऐकायचो तो, रोज तिला उठवून बसवायचो. त्या दिवशी मात्र मी दारात उभा राहिलो आणि काय वाटलं सांगू? वाटलं, हाच. इतके दिवस शोधतोय तो हाच. मला आनंद झाला गं.

मुलगी : तुम्ही आईचा...

बाबा : दार थोडं लोटून माइक फटीत ठेवला. यंत्र स्वयंपाकघरात. मग हेडफोन कानाला लावून बसलो, एक रीळ संपेपर्यंत.



मुलगी : आईनं पाहिला तो सिनेमा?

बाबा : पाहिला. मधल्या खुर्चीत बसून. त्या दाराच्या प्रसंगाला लोक किंचाळले, हिनं माझा हात धरला. मला वाटलं, घाबरली. बाहेर आल्यावर म्हणाली, आवाज छान लागलाय. तीन महिन्यांनी गेली. बक्षीस मिळालं ते त्यानंतर. भिंतीवर नाही का लावलं, म्हणून तू विचारायचीस लहानपणी.

मुलगी : तुम्ही म्हणायचात, खिळा नाही.

बाबा : हं.

मुलगी : काल मी पॉपकॉर्न खात होते, बाबा. तो आवाज सुरू होता आणि मी लोकांची तोंडं बघत होते, कोण दचकतंय ते.

बाबा : तुला माहीत नव्हतं.

मुलगी : लाज तर तुम्हाला माझी वाटली असेल.

बाबा : तुझी कशाला? मी दारामागे ठेवलं होतं तिला. तू बाहेर काढलंस, इतकंच. निर्मात्याचा पाय तुडवून पळालो ते तुझ्यामुळे नव्हे. माझं मलाच ऐकवेना.

मुलगी : मी काढते तो. आत्ता जाते. दिग्दर्शक अंगावर येईल, येऊ दे. तिथे दुसरं काहीही घालीन, नाहीतर शांत ठेवीन.

बाबा : नोकरी जाईल.

मुलगी : गेली तर गेली... बाबा, एक विचारू? मला आईचा आवाजच आठवत नाही. फोटो आहेत, आवाज नाही. कुणाकडेच नाही. मी रिळाचं तेवढंच घेतलं, तुम्ही कागदाच्या खुणा लावल्या होत्या तिथवरचं. पुढे काही आहे?

बाबा : आहे.

मुलगी : बोलते ती?

बाबा : एकच वाक्य. अगदी शेवटी. मला वाटत होतं ती झोपलीय.

मुलगी : काय म्हणते?

बाबा : कशाला विचारतेस?

मुलगी : सांगा ना.

बाबा : म्हणते, "झालं असेल तुमचं, तर जरा पाणी देता?"

मुलगी : ...दिलंत ना?

बाबा : दिलं. आधी रीळ काढून डब्यात ठेवलं, मग दिलं.