अण्णाचं वंगण

...न्हाई न्हाई, मोटारीचा काय बी दोष न्हाई हो! मोटार बिचारी ओरडून सांगायली होती! ब्रेक दाबला की चिर्रर्र... पाथरीच्या बाजारात म्हशी दावं तोडून पळायच्या! मिस्त्री म्हणला, "शिवरुद्रप्पा, चाकातले ब्रेकचे पट्टे झिजलेत, लोखंडावर लोखंड घासायलंय, नवे टाका." कुठले टाकू? लढाई चालू, माल न्हाई! तरी मोटार घरी ठिवून गेलो परभणीला धुंडायला, अन् घरी ऱ्हायला कोण? आमचा थोरला, लिंगराज अण्णा! तुमाला सांगतो, सगळा जलम बैलगाडीवर गेलेला माणूस, चाक करकरलं की वंगणाचा नळा काढायचा, अन् एकच म्हणणं, "गाडी म्हणलं की वंगण आलंच!"

मी हात हलवीत परत आलो, तर अण्णा ओट्यावर बसून हसायलाय. "दुरुस्त झाली तुझी मोटार! चूं करत न्हाई आता!" काय केलंस म्हणून इचारणार, तेवढ्यात आतून आमची आई, अव्वा, बोंबलत आली, "आरं, ह्यांच्या पोटात कळ आलीय, मुठी वळायल्यात!" मग कोण इचारतंय? अप्पांना, आमच्या वडलांना, उचलून मागं बसवलं, शेजारी अण्णा, अन् निघालो परभणीच्या दवाखान्याला. सपाट रस्ता, ब्रेकची गरजच पडली न्हाई. अप्पा कण्हायलेत, "पोचव रं लवकर..." अन् अर्ध्या वाटंत अण्णा माझ्या मानंवर येऊन सांगायलाय, "चारी चाकं खोलली, पट्ट्यांना एरंडेलाचं वंगण मस्त चोपडलं बग!"

जे घासून थांबायचं, त्यालाच तेल? "अण्णा, आरं काय केलंस हे!" तर म्हणतो, "गाडी म्हणलं की वंगण आलंच!"

थांबून पट्टे पुसावं, तर अप्पांचे डोळे फिरायलेत! अन् दवाखान्याम्होरं लय उतार! आला दवाखाना... फाटकात डाक्टरसाब उभे, अप्पांनी हात जोडले, मी ब्रेकवर उभाच ऱ्हायलो, अन्... गेला दवाखाना! हातब्रेक वढला, तो बी त्याच तेलात! गिअर टाकाय गेलो, दांडी हातातून निसटली! अप्पा मागं वळून बघायलेत, "शिवरुद्रा, आरं मागं ऱ्हायला की!" ऱ्हायला की अप्पा, दिसायलंय मला! भाजीवाल्या बाया पाट्या टाकून पळायल्यात, शिव्या द्यायल्यात... शेवटी जिनिंगपुढच्या सरकीच्या ढिगात शिरलो तवा थांबलो. कुणाला खरचटलं सुदिक न्हाई! बाजेवर घालून अप्पांना तोच चढ चढवत परत नेलं, तर डाक्टरसाबनं नाडी धरली, सोडली, अन् म्हणले, "मियाँ, जरा पैले लाना था ना!"

आणलं होतं की साब! तुमच्या म्होरूनच नेलं!

रडावं का हसावं, सांगा तुमीच. अप्पांचा लय जीव होता हो माझ्यावर. शेवटचं बोलले ते बी मलाच.

आमच्या लिंगायतांत माणूस बसवूनच पुरत्यात. अप्पांना इभूत लावली, फुलं घातली, बांबूच्या इमानात, म्हंजे पालखीत, बसवलं अन् खांद्यावर घेऊन चाललो. निम्म्या वाटंत बांबू करकरायला लागला. अण्णा रडता रडता थबकला, वर बघितलं, माझ्याकडं बघितलं, अन् तोंड उघडलं...

मी म्हणलं, "अण्णा, करकरू दे. करकरतंय तवर निदान जागंवर थांबंल तरी."