कावळा शिवेना

गंगापूर धरणापासून नदीकाठानं पंधरा किलोमीटर पळत आलेली योगिनी रामकुंडाच्या पायरीवर बुटाची नाडी बांधायला बसली. शेजारी पुंजारामअण्णांचा दहावा चालला होता. मुलगा महेश आणि आत्या कधीचे हात जोडून उभे होते; कावळा काही पिंडाला शिवत नव्हता.

“अण्णा, म्हशी विकणार नाय.”

“नाय शिवला. आईचं बोल.”

“आईला जपीन, अण्णा.”

“तरी बसलाय. म्हश्या, तुझ्या पोटाकडं बघतोय तो.”

“आत्ये, लोकं ऐकत्यात!”

“जाईपर्यंत तेच म्हणत होता माझा भाऊ. बोल लवकर, ऊन चढलं.”

“अण्णा, उद्यापासून रोज पळीन!”

कावळा झपकन पिंडाला शिवला.

महेश योगिनीकडं वळला.

“ताई, हे बूट माझ्या वजनाला टिकतील का?”