घेराला धरून

— नाही, नाही, तुमच्या कामाबद्दल तक्रार नाहीच, दादा, आधी ऐकून तर घ्या — आणि तो दरवाजा जरा लोटता का, पाळणाघराच्या बाई आत बसल्यात, त्यांचे कान म्हणजे… असो. मी एकटी बोलत नाहीये, बरं का. सगळ्या आयांचं म्हणणं आहे. सगळ्या म्हणजे — जुळ्यांची आई आणि मी. म्हणजे मी बोलले आणि ती ‘हं’ म्हणाली. पण ‘हं’ कसं म्हणाली, ते तुम्ही ऐकायला हवं होतं!

तर — तुमचा हा स्कर्ट. का? हसू नका. मी शिकलेली बाई आहे, कुणी काय घालावं याचं मला काही नाही, खुशाल घाला, रस्त्यात घाला, लग्नात मिरवा. पण इथे, चिमुरड्या पोरांमध्ये, रोज, तोही घोट्यापर्यंत, एवढ्या घेराचा — माणसाच्या मनात येतंच ना, यामागे आहे तरी काय? हौस म्हणावी, तर तुमच्या तोंडावर हौसेचा मागमूस नाही. हट्ट म्हणावा, तर तुम्ही कुणाशी वाद घालत नाही. काय? खाली बसायला सोपं पडतं? अहो, तेवढ्यासाठी कुणी लोकांची बोलणी खातं का? आणि त्या खिशात काय असतं एवढं फुगलेलं? बघू. … रुमाल. बरं. आणि? … अजून रुमाल. शेंबडाचे. ठेवा, ठेवा आत.

मी पाळत वगैरे ठेवत नाही हं. परवा चपलांच्या मांडणीमागे उभी होते ती कानातलं शोधत होते — हो, दोन्ही कानांत होती, मग? तेव्हा दिसलं. पोरं अंगणात निघाली की तुमच्या घेराला धरून चालतात, चहूबाजूंनी, जिला-ज्याला जेवढं मुठीत येईल तेवढं. आणि आमची ठकी! सकाळी फाटकाशी माझ्या गळ्यात पडून आळी गोळा करणारी पोर, ती तुम्ही आल्यापासून रडतच नाही. मूल आईला सोडताना रडत नाही — यावर संशय घ्यायचा नाही, तर कशावर घ्यायचा? नवरा म्हणतो, तुला रडली तरी त्रास, नाही रडली तरी त्रास. त्याला काय जातंय म्हणायला.

काल मी ओट्याशी उभी होते, तर ठकी आली आणि माझ्या पायांशी चाचपत राहिली. मांडीशी, गुडघ्याशी — जीन्स ही अशी घट्ट, चिमटीतसुद्धा येईना. म्हणाली, “आई, तुला धरायला काहीच नाही.” आणि गेली. उशीचा अभ्रा धरून बसली कोपऱ्यात.

हे मी तुम्हाला का सांगतेय? मुद्दा तो नव्हताच. मुद्दा ही पिशवी. घ्या ना. पॅंट आहे, कोरी, नवऱ्याला आखूड झाली. सगळ्या आयांकडून भेट समजा. नुसती घालून तर बघा — पोरं काय, चार दिवस चाचपतील, मग होईल सव—

ठके! तू कधी आलीस बाहेर? चल, घरी जायचंय. सोड तो घेर. दादांना कामं आहेत. ये, आईचा हात धर. बरं, बोट धर. ठके, आई बोलावतेय ना?

… नका. तिची मूठ नका उघडू तुम्ही. द्या ती पिशवी इकडे, भेट नव्हतीच ती, चुकून आणली. आणि माझ्याकडे काय बघताय? जरा तसेच उभे राहा. ती सोडेल तेव्हा सोडेल.