अहवालाचं त्रेचाळिसावं पान

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आदरणीय बजरंगराव, व्यासपीठावर विराजमान विश्वस्त मंडळी, डॉक्टर, सिस्टर, कार्ल्यापासून पवनानगरापर्यंतच्या गावांतून मुद्दाम आलेले ग्रामस्थ आणि आजचे सत्कारमूर्ती हौशीरामभाऊ, आपणा सर्वांना परंदवडीच्या अपेक्षाचा नमस्कार आणि जय भीम.

भाऊ एकतीस वर्षं या रुग्णालयाच्या केसपेपरच्या खिडकीत बसले आणि आज निवृत्त होत आहेत. त्यांच्याविषयी चार गोड शब्द बोलावेत म्हणून मला बोलावलं आहे. ते मी लिहूनही आणले होते. पण मघाशी अध्यक्षांनी भाऊंना 'संस्थेचे आदर्श सेवक' म्हटलं आणि माझा कागद मी पर्समध्ये परत ठेवला. आता जे घडलं तेच सांगते.

दोन वर्षांपूर्वी मी 'सिस्टिम्स अँड सर्व्हिस डिझाइन' या विषयात मास्टर्स करत होते. प्रकल्पासाठी इथे आले तेव्हा भाऊंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "डिझाइन मंजी? ब्लाऊजची का?"

मी म्हटलं, "नाही हो भाऊ. माणूस घरून निघतो, इथे येतो, औषध घेऊन परत घरी पोचतो. या वाटेत तो कुठे अडतो ते शोधायचं आणि ती वाट नीट आखायची."

"मग बस हितं माझ्याजवळ. लय अडत्यात."

सोळा आठवडे मी त्यांच्या शेजारी स्टुलावर बसले. प्रत्येकाला ते गाव विचारायचे आणि काहींच्या केसपेपरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने वेळ लिहायचे. हे काय, म्हणून विचारलं.

"गाडीचा टाइम. कार्ल्याच्या माणसाला हायवेला कवाबी गाडी हाय. पवनानगरच्या पल्याड जायचं तर चार-वीसची सुटली की सुटलीच. डाक्टरास्नी पेशंट दिसतो, त्याची गाडी न्हाई दिसत."

आत सिस्टर ती वेळ बघून लांबच्या माणसाला आधी पुढे घ्यायच्या. अकरा वर्षं हे चाललं होतं. ना आदेश, ना बैठक, ना रांगेतल्या कुणाची तक्रार.

दोन वर्षं वर्गात मला जे शिकवत होते, ते हा माणूस पेन्सिलीच्या तुकड्याने करत होता! मी रुग्णांच्या या वाटेचा सहा फुटी नकाशा काढला. अहवालात त्रेचाळिसाव्या पानावर भाऊंची पद्धत लिहिली आणि चव्वेचाळिसाव्या पानावर शिफारस केली, की हाच रुग्णालयाचा नियम करावा. परीक्षकांनी उभं राहून कौतुक केलं. मी पहिली आले. कुणाच्या जिवावर, ते तुम्हाला कळलंच असेल.

लिहिण्याआधी मी भाऊंचं संमतिपत्र घेतलं होतं. ते त्यांनी वाचलंसुद्धा नाही. "तू लिवलंस ना? मग सही कुटं करू तेवढं सांग," म्हणाले. अहवालात मी त्यांचं नाव लपवलं. पण खिडकी एक आणि माणूस एक असताना मी नेमकं काय लपवलं होतं?

अहवाल विश्वस्तांकडे गेला. महिन्याभरात दालनात आल्या क्रमाने नंबर देणारं टोकनचं यंत्र आलं आणि भाऊंच्या हातात मेमो पडला. 'रुग्णांच्या क्रमात नियमबाह्य हस्तक्षेप.' पुरावा म्हणून सोबत काय जोडलं होतं? माझं त्रेचाळिसावं पान! अध्यक्ष महोदय, एक पान उलटायला किती वेळ लागतो?

काय म्हणालात साहेब? आज हा विषय नको? मग कधी? उद्या भाऊ इथे नसणार.

भाऊंनी मला यातलं काही कळवलं नाही. या जूनमध्ये अहवालाची प्रत त्यांना द्यायला आले, तेव्हा व्हरांड्यात सरुबाई मावशी भेटल्या. पवनानगरच्या पलीकडच्या. साखरेचा आजार, पायाला जखम, दर मंगळवारी ड्रेसिंगला यायच्या. त्या दिवशी त्यांच्या पायाची दोन बोटं नव्हती.

"मावशी, कसं झालं हे?"

"नंबरच येत न्हवता, बाय. तीन मंगळवार तशीच माघारी गेले. गाडी सोडली आसती तर ऱ्हायचं कुटं?"

मावशी आज तिसऱ्या ओळीत बसल्या आहेत, काठी घेऊन. विश्वस्तांनी जरा तिकडे बघावं. नाही, टाळ्या नकोत. फक्त बघावं.

मी खिडकीशी जाऊन रडले, तर भाऊच मला समजावत होते, "तू काय वाईट न्हाई लिवलंस, पोरी." वाईट लिहिलं नाही, पण बेसावधपणे लिहिलं. नकाशा कुणाच्या हाती पडेल, हा विचार मी केला नाही. तो राग माझा माझ्यावर आहे आणि तो जाणार नाही.

विश्वस्तांना मी दोन पत्रं लिहिली. दोन्हींना उत्तर एकच, 'नोंद घेतली.' मग माझ्या हातात होतं ते केलं. आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयातल्या अहवालाच्या प्रतीत त्या पानानंतर भाऊंचा मेमो आणि मावशींचं म्हणणं, दोघांना वाचून दाखवून, बांधून घेतलं. माझ्या मार्गदर्शक सरांनी आधी आढेवेढे घेतले. आता संमतिपत्रावर कुणाचीही सही घेण्याआधी नव्या विद्यार्थ्यांना ती प्रत वाचावी लागते.

उरलं ते तुमच्या हातात आहे. तो मेमो अजून भाऊंच्या सेवापुस्तकात आहे. तो लेखी मागे घ्या आणि मगच ही शाल त्यांच्या खांद्यावर घाला. चव्वेचाळिसावं पान कुणाला सापडत नसेल, तर मी उद्या सकाळी येऊन वाचून दाखवते.

आपण मला इतका वेळ ऐकून घेतलंत, त्याबद्दल सभागृहाची ऋणी आहे. माझा आवाज चढला, मानपान राहून गेला असेल, तर वडीलधाऱ्यांनी लहान समजून पोटात घालावं. जे बोलले, त्यातलं मात्र काही मागे घेत नाही. खरी क्षमा मला दोघांचीच मागायची आहे. हौशीरामभाऊ, तुमची. आणि सरुबाई मावशी, तुमची. सगळ्यांच्या समोर मागते. ती तुम्ही दिलीच पाहिजे, असं नाही.