सात नंबरच्या वर्गाचं नवं छत

— नाही नाही, तो नळ फिरवायचा नसतो, नुसता हात खाली धरायचा. आपोआप येतं पाणी. म्हणजे टाकीत असलं तर येतं. राहू द्या, हा घ्या रुमाल. बसा. मुलीला चौथीत घालायचंय ना? अगदी योग्य वेळी आलात, शाळेचं नुकतंच आधुनिकीकरण झालंय. साठ वर्षांची इमारत, ओळखू येते का सांगा? प्रत्येक वर्गात डिजिटल फळा — हो, प्लॅस्टिक काढलेलं नाही अजून, धूळ बसते हो — शिकवायला शेजारी आपला खडूचा फळा आहेच की. आणि छत बघा! फॉल्स सीलिंग. पांढरंशुभ्र. आत काय आहे, काही म्हणजे काही दिसत नाही.

काय? वरच्या मजल्यावरच्या सात नंबरच्या वर्गाला कुलूप का? हां... कुणी सांगितलं तुम्हाला? शिपाई बोलला असेल, त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. तसं काही विशेष नाही. आमच्या चित्रकलेच्या बाई होत्या — बाई चांगल्या, पण स्वभाव चिकट. कामाच्या आधीपासून त्या वर्गाच्या तुळईला एक चीर होती. एवढीशी. तर या बाई दर सोमवारी स्टुलावर चढून चीर जिथे संपते तिथे पेन्सिलीने रेघ मारायच्या आणि तारीख टाकायच्या. मला दाखवायच्या, 'मोठ्या बाई, चार बोटं सरकली.' मी इंजिनिअरसाहेबांना सांगितलं — सांगितलं बरं का मी! — ते म्हणाले, सीलिंग लागलं की दिसायची नाही. आणि खरंच, नाही दिसली! काम समाधानकारक म्हणून मी लिहून दिलं. वर्ग कसा लख्ख दिसत होता, समाधान का नाही वाटणार माणसाला?

पण बाई ऐकतील तर ना. दुसऱ्या दिवसापासून वर्ग बाहेर पायऱ्यांवर. अडतीस मुलं, रंगपेट्या, पाण्याच्या वाट्या, सगळा पसारा अंगणात. वरून पाहुणे येणार नवी शाळा बघायला, आणि मुलं उन्हात! मी समजावलं, रागावले, शेवटी कारणे दाखवा नोटीस काढली. पोस्टाने नाही पाठवली हो, म्हटलं आपल्याच बाई आहेत, हातात देऊ. गेले अंगणात. त्यांनी वाचली, घडी घालून ठेवली आणि म्हणाल्या, 'मी वर जाणार नाही.' मुलांसमोर! मग मीच मुलांना म्हटलं, चला, उठा, रांग करा, आपापल्या जागेवर वर्गात जाऊन बसा —

उठली होती हो मुलं. रांगही झाली होती. एका मुलीची वाटी कलंडली, पाणी पहिल्या पायरीवर, आणि ती बसली आपल्या फ्रॉकने पुसत. मी ओरडले तिच्यावर. म्हटलं, पसारा करता आणि वर उशीर करता! सगळी रांग तिच्यामागे थांबलेली. आणि तेवढ्यात वर... आवाज असा मोठा नव्हता. कुणी गाद्या टाकाव्यात तसा. मग खिडक्यांतून पांढरी धूळ.

कुणाला खरचटलंसुद्धा नाही. चौकशी झाली ना रीतसर. अहवालात लिहिलंय, मुख्याध्यापिकेच्या दक्षतेमुळे विद्यार्थी वेळीच वर्गाबाहेर होते. मी नाही लिहिलं, त्यांनी लिहिलं. मी फक्त... खोडलं नाही. मागे भिंतीवर ते मानपत्र लावलंय, तेच. बाईंची नोटीस? ती कशी मागे घेणार? मागे घ्यायची तर त्यांचं बरोबर होतं असं लिहावं लागतं, आणि त्यांचं बरोबर म्हटलं की समाधानकारक काय होतं, असा प्रश्न येतो. त्यांची बदली झाली. भांडार विभागात खडूंची खोकी मोजतात म्हणे. जाताना काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

ती मुलगी? आहे की. परवा जिन्यात समोर आली, 'सॉरी मोठ्या बाई,' म्हणाली. अजून तिला वाटतं, तिचंच चुकलं. मी म्हटलं — मी काही म्हटलं नाही. शाळेची वेळ होती.

असो. चौथीचा वर्ग ना — आठ नंबर. हो, लागूनच. सीलिंग? त्याच ठेकेदाराचं, त्याच आठवड्यातलं. तुळई बघितली का? आता सीलिंग काढल्याशिवाय कशी बघणार, आणि सीलिंग काढायला परवानगी —

किती वर्षांची म्हणालात मुलगी? नऊ.

हा तिचा आधीच्या शाळेचा दाखला, परत. घ्या. घ्या म्हणते ना. चौथीत जागा नाही. असतील बाकं रिकामी, मी सांगते जागा नाही! रिक्षा स्टँडच्या मागे एक शाळा आहे, पत्र्याची, एकमजली, दिसायला काही नाही. तिथे विचारा. कारण विचारलं तर मोठ्या बाई उद्धटपणे बोलल्या म्हणा. जा आता. अहो, जा ना!