आप्पांची नाव भरल्याशिवाय सुटत नाही

...आणि वर मलाच म्हणतात, "तुले काय समजस त्यामा?" अहो, मला नाही समजत हे कबूल, पण यांना तरी काय समजतं? तुम्हीच सांगा, धानोऱ्यात राहणारा माणूस, नंदुरबार जिल्ह्याबाहेर गेला तर लग्नाच्या वऱ्हाडात गेला, आणि हा माणूस शिडाच्या जहाजांचा गेम बनवतोय. जहाजांचा! यांच्या घरात समुद्र पाहिलेला माणूस नाही, माझ्या माहेरी नाही, इकडे अक्कलकुव्यात दिलेल्या नणंदेला विचारलं तर ती म्हणे, "माले तं नर्मदाच भलती मोठी वाटस." समुद्र कोणी पाहिलाय आमच्यात?

तर तुम्हाला सांगते, आमचे हेमकांतराव. साऊंड सर्व्हिस आहे आमची. लग्न असो, गणपती असो, भोंगे आमचे. मागच्या खोलीत भिंतीभर अंड्यांचे ट्रे चिकटवलेत, त्या खोलीला हे स्टुडिओ म्हणतात आणि तिथे अहिराणी गाणी रेकॉर्ड करतात. शेजारच्या गल्लीतल्या बाया मला अंडी मागायला येतात, मी कुणाकुणाला समजावू... पण ते जाऊ द्या. तर यांना कुठून तरी कळलं की जगभरातले हौशी लोक इंटरनेटवर मिळून एक गेम बनवतायत. कंपनी नाही, मालक नाही, पगाराचं नाव नाही. ज्याला जे येतं ते त्याने द्यायचं. कुणी जहाजं काढतो, कुणी वारा सोडतो, कुणी बेटं मांडतो. यांनी लगेच कळवलं, आवाज मी देतो. वारा, पाणी, दोर, शीड, सगळ्याचे आवाज. घरातल्या मिक्सरचा खडखडाट वर्षभर ऐकू आला नाही या माणसाला, आणि निघाले समुद्राचे आवाज द्यायला.

पहिला आवाज मागितला शिडाचा. वाऱ्याने फडफडणारं शीड. आता ते कुठून आणायचं? हे गेले मिरचीच्या पथारीवर. तुम्ही पाहिली असेल ना, मैदानभर लाल मिरची वाळत घातलेली, आणि वर झाकायची ताडपत्री? त्या ताडपत्रीला माईक लावून उभे राहिले. वारा आला, ताडपत्री फडफडली, मिरचीची धूळ उडाली, आणि रेकॉर्डिंग झालं. फार छान झालं म्हणून पाठवूनही दिलं. दुसऱ्या दिवशी त्या रोहिणीचा फोन. ही रोहिणी म्हणजे रत्नागिरीची मुलगी, गेमवाल्यांकडून सगळ्यांशी बोलायचं काम तिच्याकडे. आवाज असा गोड, की रागावली तरी कळायचं नाही. म्हणाली, "हेमकांत सर, आवाज उत्तम आलाय हं. फक्त शीड उघडलं की कुणीतरी शिंकतंय, सर. प्रत्येक वेळी शिंकतंय."

हे म्हणाले, "खलाशी शे मॅडम, त्याले सर्दी व्हयनी." बघा, म्हणजे किती ती लाज!

पण खरी गंमत पुढे आहे. त्या गेममध्ये जहाज खाडीतून आत आणलं की नदी लागते. नदीच्या पलीकडे नेणारी एक नाव त्यांना हवी होती. आणि हे ऐकल्याबरोबर यांच्या डोळ्यांसमोर कोण आलं असेल? माझे आप्पा.

माझं माहेर तापीकाठचं. आता तिथे पूल आहे, बॅरेजचं पाणी तुडुंब आहे, पण मी लहान होते तेव्हा या काठावरून त्या काठाला जायचं तर आमच्या आप्पांची नाव. हिंमतराव नाववाले म्हटलं की दोन्ही काठांना माहीत. उन्हाळ्यात पश्चिमेचा वारा सुटला की आप्पा नावेला शीड लावायचे, आणि ते शीड कशाचं, तर आईच्या जुन्या लुगड्यांचं. हिरवं, जांभळं, काठाचं, बिनकाठाचं. आई काठावरून ओरडायची, "अहो, ते मन्ही बहीणना लगीनमानं लुगडं शे." आणि लुगडं आपलं वाऱ्याने फुगून चाललंय पलीकडे. आमच्यासाठी समुद्र तोच. दुसरा समुद्र कोणी पाहिलाय?

आणि दुपारी आप्पांची भाकरी घेऊन मी काठावर जायची. नाव असायची पलीकडे. मी हाताचा भोंगा करून ओरडायची, "आप्पाऽऽ, ओ आप्पाऽऽ." पलीकडून उत्तर यायचं, "उनूऽऽ." उनू म्हणजे आलो. आणि आलो म्हणून आप्पा काय करायचे? खाली बसून बिडी पेटवायचे! कारण नाव भरल्याशिवाय सुटत नाही. दोन शेळ्या आल्या, थांब. एक म्हातारी आली, थांब. "आनखी दोन जन येऊ देत." इकडे माझी भाकरी गार, तोंड फुगलेलं. उनू म्हणायचं आणि यायचं नाही, ही आमच्या आप्पांची रीत.

तर यांनी आप्पांना आणलं धानोऱ्याला. अंड्यांच्या खोलीत बसवलं, पुढे माईक, कानाला हेडफोन, आणि म्हणाले, "आप्पा, एक डाव हाक मारा ना, नाववाल्यानी मारस तशी." आप्पांनी यांच्याकडे असं पाहिलं, जणू जावई आत्ता कुठे नीट दिसला. म्हणाले, "मी कसाले हाक मारू? लोके माले हाक मारतस, मी ओ देस. आनि अंडास्नी खोलीमा नदी कठे शे?" यांनी मग स्क्रीनवर नाव दाखवली. एकच माणूस चढला आणि नाव चालू लागली. आप्पा भडकले. "एकला मानूस लीसन नाव निंघनी? कोनी सोडी ती?"

झालं. निघालो सगळे तापीवर. आमची पिकअप, तिच्यात डीजेचे भोंगे, जनरेटर, मागे आप्पा खुर्चीत. बेत असा, की आप्पा या काठावर माईकशेजारी बसतील आणि मी पुलावरून पलीकडे जाऊन हाक मारेन. पण बॅरेजमुळे पाणी केवढं पसरलंय, आणि आप्पांचे कान गेलेले. माझी हाक पोचणार कशी? म्हणून भोंगे माझ्याकडे. तुम्हाला सांगते, मी पलीकडच्या काठावर डीजे लावून आपल्या बापाला हाक मारली. "आप्पाऽऽ, ओ आप्पाऽऽ!" शेळ्या पळाल्या, बगळे उडाले, वरच्या शेतातून बाया धावत आल्या, "कोनं लगीन शे वं?"

आणि आप्पा उठले. काठीचा आधार न घेता उठले. डोळ्यांवर हात धरून पाण्यावरून पाहिलं. हे तिकडे माईकशेजारी उभे, फोनवरून मला ऐकवत होते, म्हणून ऐकलं मी. "उनूऽऽ." लांबलचक, वरून खाली येणारं, जसंच्या तसं. आणि पुढे काय, माहीतेय? खाली बसले, आणि काडी ओढल्याचा आवाज. बिडी पेटवली म्हाताऱ्याने! मी पलीकडे उभी, डोळ्यांतून पाणी थांबेना, आणि नाव नाही हे ठाऊक असून वाट बघत उभी राहिले. आता हसू नका. तुम्हीही राहिला असता.

त्याच वर्षी थंडीत आप्पा गेले. झोपेत गेले, कुणाला त्रास नाही. मी काही त्यावर बोलणार नाही फार.

यांनी गेमवाल्यांना विचारत विचारत ती स्क्रीनवरची नाव नव्याने बनवली. हिरवं लुगडं, जांभळं लुगडं, सगळं शिडाला लावलं, मी रंग सांगत गेले. आणि नियमही आप्पांचाच घातला. काठावर जाऊन हाकेचं बटण दाबलं की पहिल्यांदा माझी हाक, मग आप्पांचं "उनू", मग काडीचा आवाज, आणि मग... काही नाही. नाव भरल्याशिवाय सुटत नाही.

तिकडून तक्रारींचा पाऊस! रोहिणीचा फोन आला तेव्हा हे नेमके पुरुषोत्तमनगरला लग्नात. फोन मी घेतला. ती म्हणाली, "मॅडम, सरांना सांगा, खेळणारे चिडतायत हो. हाक मारली तर माणूस लगेच काहीतरी बोलतो आणि नाव येतच नाही. एकतर नाव लगेच सोडा, नाहीतर गेमच्या पुढच्या आवृत्तीत ती काढूनच टाकावी लागेल."

काढून टाकावी लागेल म्हणे. अहो, आवाज आमच्या कॉम्प्युटरात राहीलच, तो कुठे जातोय. पण आप्पांना कोणी हाक तरी मारणार आहे का मग? आदल्याच दिवशी मी यांना म्हटलं होतं, सोडा ना लगेच, काय बिघडतं, तर हे म्हणाले, "मंग ती आप्पानी नाव नही." तेव्हा मीच चिडले होते यांच्यावर. पण रोहिणीने तेच म्हटल्यावर मला जो काही राग आला... मी म्हटलं, बाई, तुम्हाला काय माहीत, समुद्र तरी पाहिलाय का तुम्ही?

ती म्हणाली, "हो मॅडम, आमच्या खिडकीतून दिसतो."

पण मी थांबले नाही. मी म्हटलं, दिसू द्या. पण नावेची वाट पाहिलीय का कधी? नाव भरेपर्यंत काठावर काय काय व्हायचं, सांगू? टोपलीतली बोरं वाटली जायची. भांडणं मिटायची, नवी लागायची. सासरी निघालेली पोर रडून घ्यायची तिथे, सगळ्या बाया तिला धरून बसायच्या. आणि एकदा पलीकडच्या लग्नाला भोंगा घेऊन निघालेला एक पोरगा आला काठावर. नाव भरेना, भरेना... तो बसला, मी भाकरी घेऊन बसलेली. मी म्हटलं, भूक लागली का? तो म्हणाला, लागलीय. अर्धी भाकरी दिली. तुमचे हेमकांत सर ते! नाव लगेच सुटली असती तर आज तुम्हाला शिंकणारं शीड कुणी दिलं असतं?

मग ती हळूच म्हणाली, "मॅडम, काठावर थांबलेल्यांना एकमेकांशी बोलता येत नाही आत्ता. ते सुरू करू का? आणि बसायला एखादं झाड?"

मी म्हटलं, बाभूळ टाका.

बाभूळ आली. खाली माणसं थांबायला लागली. कुठला कोण पोर्तुगालचा, कुठली कोण केरळची, हाक मारतात, आप्पा म्हणतात उनू, काडी ओढली जाते, आणि हे लोक बसतात गप्पा मारत. एकाने आपल्या मेलेल्या कुत्र्याची गोष्ट सांगितली म्हणे, अख्खा काठ रडला. परवा रोहिणीचा पुन्हा फोन, आता आवाजातला गोडवा जरा कमी. "मॅडम, नवीनच अडचण झालीय. नाव भरली तरी लोक चढत नाहीत. जहाजं तशीच खाडीत पडलीत. समुद्रात कुणी जातच नाही हो."

म्हणजे बघा, जगभरातले लोक घेऊन एवढा समुद्र बनवला, आणि तोही कोणी पाहीना.

आणि आमच्या घरात काय? मी भाकरी टाकते, ताट वाढते, अंड्यांच्या खोलीकडे तोंड करून हाक मारते, "अहो, जेवाले चला." आतून येतं, "उनूऽऽ." आता ते यांचं, की आप्पांचं, हे सुद्धा मला कळेनासं झालंय. कोणाचंही असो, यायचं कोणी नाही. मी आपली ताट झाकते आणि बसते.