घरचे बरे आहेत ना

किटलीचं झाकण खडखडायला लागलं तशी ओयदिन दचकली. सकाळपासून घरात कोणी बोललंच नव्हतं. पाच वर्षांची लेक मुनिसा ओट्याखाली बसून जर्दाळूच्या बिया ओळीत मांडत होती आणि ओयदिन नानची कणीक मळत होती. ती गॅस बंद करतेय तोवर फोनही वाजला. तिने तो मनगटांनी उचलून कान आणि खांद्यामध्ये धरला.

"हॅलो?

…कोण? सलोमत-ओपा? थांबा हं, हाताला पीठ आहे… हं, बोला. बऱ्या आहात ना? थकला नाहीत ना? घरचे बरे? नातवंडं बरी?… आम्ही बरे, सगळे बरे, अल्लाची कृपा…

…काय झालं?"

सलोमत-ओपा, म्हणजे सलोमतताई, शनिवारच्या वर्गाच्या बाई. ज्या मोठ्या माणसांना चार माणसांत वावरणं जड जातं, त्यांना त्या कामावर कसं बोलायचं, कसं वागायचं ते शिकवत. ओयदिनचा थोरला भाऊ, तिचा अका, सोबिर त्यांच्याकडे जायचा. त्यांच्याच शब्दावर तो उझबेकिस्तानातल्या कोकंद शहराबाहेरच्या सुक्या मेव्याच्या कारखान्यात जर्दाळू निवडायला लागला होता. त्यांचा फोन असा भर कामाच्या वेळी कधी आला नव्हता.

"…कारखान्यातून बोलताय? तुम्हाला बोलावून घेतलं? त्याने काय केलं?

…हात धुतले असतील सारखे. मी सांगितलं होतं हो त्याला, प्रत्येक ताटानंतर नको… नाही? मग त्याच्या शेजारी निवडणाऱ्या त्या गुलनोराला काही बोलला? ती त्याला 'साहेब, साहेब' म्हणून चिडवते आणि हा तिला सांगतो, मी साहेब नाही…

…अहो ओपा, ऐका ना. मी माफी मागते. मालकांचीही मागते, आत्ता येऊन मागते. शनिवारी तीन महिने भरतात त्याचे. कायम करायचं की नाही ते ठरायचंय. एवढं एक काम लागलंय त्याच्या हाताला, दोन ठिकाणी 'तोंड उघडत नाही' म्हणून काढलं त्याला…

…काहीच नाही केलं?

…बरं. बरं, बोलत नाही मध्ये. सांगा."

तिने एका हाताने स्टूल ओढलं, पण ती बसली नाही.

"…मालक आले. हो, हजहून आले ना परवा. …सगळ्यांना खजूर वाटत फिरले. …हो, विचारणारच. बरा आहेस ना, थकला नाहीस ना, घरचे बरे आहेत ना… मीही आत्ता तुम्हाला विचारलंच की. …आणि याने?

…उत्तर दिलं?

…सगळ्याचं? एकेकाचं?

…'बरा आहे, डावा गुडघा दुखतो.' …'थकलोय, आज चार खोकी जास्त आली.' …हसू नका ओपा, मलाही हसू येतं. कार्डं लिहून रोज रात्री मीच बसवलंय हो ते त्याच्याकडून. मी मालक व्हायचं आणि विचारायचं, आणि याने गप्प न बसता सांगायचं. खरं सांगायचं, एका वाक्यात सांगायचं. …हो, हे प्रश्न उत्तरासाठी नसतात, ते सांगायचं राहिलं. माझ्या डोक्यातच नाही आलं.

…मग एवढंच ना?

…हं. घरचे बरे का, विचारलं. …काय म्हणाला?

…परत सांगा.

…'घरचे बरे आहेत. पाहुणे आले की मी मागच्या खोलीत असतो. बाहेरून कडी असते.'"

ओयदिन बसली. पिठाचा हात तिने मांडीवर टेकला, तो तिथेच राहिला.

"…कडी नसते, ओपा. कडी कशाला असेल? दार नुसतं लोटलेलं असतं…

…एकदाच लावली होती. शाळेच्या मोठ्या बाई आल्या होत्या तेव्हा. तो मध्येच बाहेर येऊन त्यांच्या पुढ्यातले बदाम मोजायला बसला असता. …दोनदा. दोनदा लावली.

…कोण होतं तिथे? होसियत? ती काय करत होती कारखान्यात?

…हो, बायको आहे त्यांची, माहीत आहे मला, खजूर वाटायला आली असेल… तिने ऐकलं?

…'कोणाच्या घरचा रे तू?' …असं विचारलं. …आणि याने माझं नाव सांगितलं.

…पुढचं नका सांगू. पुढचं मला कळलं.

…हो. मीच सांगितलं होतं तिला. माझा भाऊ काझानला असतो, बांधकामावर. सगळ्यांचे भाऊ असतात की रशियात. कोणी पुढे काही विचारत नाही.

…आणि हा म्हणाला, 'मी काझानला गेलो नाही, मी फक्त स्टेशनपर्यंत गेलोय.'

…सगळ्यांसमोर."

ओट्याखाली बियांची ओळ मोडली, मुनिसाने ती परत लावायला घेतली. ओयदिनने आवाज उतरवला.

"…तीन वर्षं, ओपा. आमची गश्तक आहे ना बारा जणींची, दर महिन्याला एकीकडे जमायचं, तिच्यात आहे होसियत. माझी पाळी आली की माझ्या हातचा पलाव खाते आणि विचारते, भावाचा फोन येतो का गं? मी म्हणते, येतो की. एकदा तर… एकदा त्याचा म्हणून सलामही सांगितला मी तिला. तो भिंतीपलीकडे होता, वेगळ्या ताटात जेवत. वडिलांनी बांधलेलं घर आहे हे. स्वतःच्या हाताने गारा कालवलाय त्याने.

…का म्हणजे? तुम्ही काय परक्या गावच्या आहात? मोहल्ल्यात बोलतात ना, त्या घरात एक तसा आहे, रक्तातच असेल. उद्या मुनिसा मोठी होईल, तिला मागणी घालायला कोणी…

…हो. ऐकतेय.

…ओपा, असं नाही का करता येणार? तुम्ही होसियतला सांगा, तो काझानहून परत आलाय, चारेक महिन्यांपूर्वी, तब्येत बरी नव्हती म्हणून… त्याला नीट आठवत नाही…

…हॅलो? ओपा, आहात ना?

…नाही. काही नाही. मी बोललेच नाही असं समजा."

सलोमत-ओपा बोलायला लागल्या, आणि ओयदिन मान हलवत राहिली, जणू त्यांना ती दिसत होती.

"…कोठारात? कधीपासून बसलाय? …आणि एप्रन घडी करून ठेवलाय.

…मालक काढत नाहीत म्हणता? उलट कायम करणार? त्यांना चालेल? …मग तो का…

…'कुठलं उत्तर चुकलं' म्हणतो. ते कळल्याशिवाय कामावर यायचं नाही म्हणतो.

…तुम्ही सांगा ना, ओपा. तुम्ही बाई आहात त्याच्या.

…नाही ऐकत. 'कार्डं ओयदिनने लिहिली, ओयदिनलाच माहीत.' …हो, माझंच अक्षर आहे त्यांवर.

…मी काय सांगू? पुढच्या वेळी नुसतं 'शुक्र अल्लाचा' म्हण आणि पुढे हो, असं सांगू?

…हो. तेही शिकवावं लागेल. ते पुढच्या शनिवारी. …हो, आधी हे.

…द्या त्याला फोन."

तिने हात ओढणीला पुसला. मग दुसराही पुसला.

"…अका? मी. ओयदिन.

…हो, ऐकलं सगळं.

…वाच. वाच तू, मी ऐकतेय. …'थांबायचं. डोळ्यांत बघणं जमलं नाही तर कपाळाकडे बघायचं. एका वाक्यात सांगायचं. मग आपण विचारायचं.' हो.

…थांबलास ना? …बघितलंस ना कपाळाकडे? …आणि काय विचारलंस त्यांना?

…'हजला बसायला जागा मिळाली का?' …छान विचारलंस, अका. काय म्हणाले? …मिळाली. बरं झालं.

…नाही. पहिलं बरोबर.

…दुसरंही बरोबर.

…तिसरंही. एकही चुकलं नाही.

…मग सगळे गप्प का झाले…

…कारण मी खोटं बोलले होते. होसियतला. तू काझानला आहेस म्हणाले होते.

…माहीत आहे मला, नाही गेलास.

…का ते… घरी आलास की सांगेन. …आता नाही सांगता येत. …लिहून ठेव. 'पाच वाजता. का ते.' …लिहिलंस?

…हो, गश्तक परवाच आहे. गुरुवारी. आपल्याकडे. …बारा जणी. होसियतही येईल. कदाचित येईल.

…कुठल्या खोलीत…"

तिने मागच्या खोलीच्या दाराकडे बघितलं.

"…खोलीत नको. तू फाटकाशी उभा राहा. बाबा राहायचे ना, घरचा माणूस म्हणून, तसा. येईल तिला सलाम करायचा, आत पाठवायचं.

…हो, विचारतील. बाराही जणी विचारतील, घरचे बरे आहेत ना. …तुला हवं ते सांग. …खरं ते सांग.

…कडीचंही. विचारलं तर.

…गर्दी वाटली तर आत निघून जा. तू जायचं ठरवलंस तर जा. मी सांगणार नाही जा म्हणून.

…नाही, मी रडत नाहीये.

…हो. रडतेय.

…का? …एका वाक्यात?

…लाज वाटते मला, अका. …नाही रे. तुझी नाही.

…तो एप्रन घाल परत. गुडघा दुखतोय तर खाली बसून निवड. …हो. …नाही, दुसरं काही विचारायचं नाही मला. …तू ठेव आधी."

त्याने ठेवला. नेहमीसारखा, निरोपाचा शब्द न बोलता.

ओयदिन बंद फोन कानाशी धरून बसून राहिली. कणकेवर पापुद्रा धरला होता. ओट्याखालून मुनिसा सरपटत बाहेर आली, तिच्या गुडघ्यांवर फरशीचे वळ उठले होते. ती आईजवळ आली, पण तिच्या डोळ्यांकडे बघेना. कपाळाकडे बघत राहिली.

"आई, मलापण पाहुण्यांशी बोलायला आवडत नाही," ती म्हणाली. "मी मोठी झाले की मी कुठे असते म्हणून सांगशील तू सगळ्यांना?"